एअर इंडियाच्या बिल्डिंगला आता काय म्हणायचं?

ओहोटी
मंडळी, परवा बऱ्याच दिवसांनी चर्चगेटला उतरले आणि सवयीने शेअर टॅक्सीवाल्याला म्हटलं, "एअर इंडिया." शेजारी बसलेला कॉलेजचा मुलगा मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाला, "आंटी, ते ऑफिस दिल्लीला गेलं ना कधीच?" मी उत्तर शोधेपर्यंत टॅक्सीवालाच म्हणाला, "ऑफिस गया बेटा. बिल्डिंग किधर जाएगी?"

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. मरीन ड्राइव्हच्या टोकाशी, नरिमन पॉइंटला असलेली ही २३ मजली इमारत १९७४ साली पुरी झाली. वर धनुष्य ताणलेला सेंटॉर, ग्रीक पुराणातला घोडामानव. २०१३ मध्ये कंपनीने मुख्यालय दिल्लीला हलवलं आणि आता तर महाराष्ट्र सरकारने १६०१ कोटींना ती विकत घेतली. म्हणजे मालक बदलला, भाडेकरू बदलणार, पाटीही आज ना उद्या बदलेलच. तर तुम्ही तिला काय म्हणणार? आणि तिथे काम केलेलं, निदान तिच्या सावलीत डबा खाल्लेला कोणी इथे असेल तर जुन्या गोष्टी जरूर लिहा. मला तिच्याबद्दल याहून जास्त काही माहीत नाही, याची टॅक्सीतच लाज वाटली.

टोमणे_विभाग
"मंत्रालय विस्तारित इमारत (जुनी एअर इंडिया), सतरावा मजला, खिडकी क्र. ४. साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या."

चर्चगेट_स्लो
काही बदलत नाही हो. आमच्या घरी अजून व्हीटीच म्हणतात. मुंबईत नाव बदलायला दोन पिढ्या जातात, तोवर तिसरं नाव आलेलं असतं.

पेणकर
टाटांनी एअर इंडिया परत घेतली आणि पहिलं काम काय केलं, तर जेआरडींची बिल्डिंग विकून टाकली. वाईट वाटलं.

लेखापाल
@पेणकर, हा गैरसमज फार पसरलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टाटांकडे जानेवारी २०२२ मध्ये विमानकंपनी गेली. इमारती आणि जमिनी त्या सौद्यात नव्हत्याच. त्या आधीच बाजूला काढून केंद्राच्या एका वेगळ्या कंपनीत टाकल्या होत्या, 'एआय असेट्स होल्डिंग' नावाच्या. कंपनीवरचं जे कर्ज टाटांनी घेतलं नाही तेही तिच्याच डोक्यावर. मालमत्ता विकायची आणि कर्ज फेडायचं, एवढंच तिचं काम. नरिमन पॉइंटची इमारत विकायचं केंद्राच्या मनात त्याच्याही आधीपासून होतं. एलआयसी, जेएनपीटी (न्हावा-शेव्याचं बंदर) आणि महाराष्ट्र सरकार असे तीन सरकारी गिऱ्हाईक तेव्हा पुढे आले होते. राज्याच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १६०१ कोटींना मंजुरी दिली, केंद्राने मार्च २०२४ मध्ये. क्षेत्रफळ ४६,४७० चौरस मीटर.

यातली खरी गंमत पुढे आहे. इमारत एअर इंडियाची असली तरी जमीन पहिल्यापासून राज्य सरकारची, भाडेपट्ट्यावर दिलेली. अशा जमिनीचा व्यवहार झाला की वाढलेल्या किमतीतला हिस्सा सरकार मागतं, त्याला महसूल खात्यात 'अनर्जित उत्पन्न' म्हणतात. ते आणि त्यावरचं व्याज असे मिळून सुमारे २९८ कोटी राज्याचे येणं होते. ते या सौद्यात माफ केले. म्हणजे आपल्याच जमिनीवरची इमारत आपण विकत घेतली आणि वर येणंही सोडलं. बरोबर की चूक ते तुम्ही ठरवा, मी फक्त खतावणी वाचून दाखवली.

टोमणे_विभाग
'अनर्जित उत्पन्न' हा शब्द आमच्या जावयासाठी राखून ठेवलाय.

पेणकर
धन्यवाद लेखापाल. टाटांची माफी मागतो. (ते वाचत असतील तर.)

निवृत्त_नकाशेकार
ओहोटी ताई, धागा चांगला काढलात. आयडीही समर्पक आहे, कारण तुम्ही टॅक्सीने जिथे उतरलात तिथे माझ्या लहानपणी भरती-ओहोटी होती.

मी १९७१ साली नरिमन पॉइंटच्याच एका प्लॉटवर ठेकेदाराकडे कनिष्ठ नकाशेकार म्हणून लागलो. एअर इंडियाच्या नव्हे, जवळच्याच दुसऱ्या इमारतीच्या. पण तेव्हा तिथे भिंती अशा नव्हत्याच, सगळ्यांचं खोदकाम सगळ्यांना दिसायचं. आज जिथे काचेचे दरवाजे आपोआप उघडतात तिथे तेव्हा मातीचे ढीग, पायलिंगची धडधड आणि रात्रंदिवस चालणारे पंप. वरचा थर भरावाचा. त्याखाली समुद्राचा काळा, लोण्यासारखा चिखल. त्याच्या खाली कुठेतरी खडक. पाया त्या खडकापर्यंत न्यायचा, कारण चिखलावर एक मजलीही टिकायची नाही. भरतीच्या वेळी खड्ड्यात पाणी इतकं चढायचं की पंपवाल्याला चहा प्यायला उसंत नसे. आमचे सुपरवायझर सकाळी पहिल्यांदा नकाशा बघत नसत, भरतीचं वेळापत्रक बघत.

घरी आलो की आई चप्पल बाहेर काढायला लावायची. त्या चिखलाचा वास दोन-दोन दिवस जात नसे.

आणि हो, इमारत उभी राहिली म्हणजे समुद्र सुटला असं नाही. खारा वारा काँक्रीटच्या बारीक भेगांतून आत शिरतो, सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटला आतून ढकलून फोडते. मरीन ड्राइव्हवरच्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या गॅलरीखाली उभं राहून वर बघा, पापुद्रे सुटलेले दिसतील. सरकारने १६०१ कोटी दिले ते ठीक, पण दर वर्षी दुरुस्तीला काय ठेवणार, ते कोणी विचारलंय का?

अनुस्वार
काका, हा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला. अजून लिहा.

खारा_वारा
नकाशेकार काकांनी समुद्र काढलाच आहे तर त्याच्या मागे जातो.

बॅकबेचा समुद्र बुजवायचा पहिला मोठा डाव १८६० च्या दशकातला. अमेरिकेत यादवी चालू होती, कापसाला सोन्याचा भाव आला होता, मुंबईत पैसा ऊतू जात होता आणि जो तो भरावाच्या कंपन्यांचे शेअर घेत सुटला होता. १८६५ मध्ये यादवी संपली, कापूस आपटला आणि बॅकबेची कंपनीही बुडाली.

दुसरा डाव १९२० च्या दशकात, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचा. ठरलं होतं ११४५ एकर, आठ तुकड्यांत. पलीकडे बंदराच्या बाजूचा गाळ उपसायचा आणि नळातून इकडे आणून समुद्रात टाकायचा. उपसणाऱ्या ड्रेजरला नावही लॉइडसाहेबांचंच! पण इकडून टाकलेला गाळ तिकडून भिंतीच्या फटींतून समुद्रात परत. खर्च वाढत गेला, लोक 'लॉइडचा मूर्खपणा' म्हणू लागले. अखेर आठातले चार तुकडेच झाले, १, २, ७ आणि ८. म्हणजे इकडे चर्चगेट-मरीन ड्राइव्हकडचे आणि तिकडे कुलाब्याकडचे. मधली जागा पाणीच राहिली. तीच पुढे स्वातंत्र्यानंतर भरली आणि तिथे हे टॉवर उभे राहिले.

आता ऐका. लॉइडच्या त्या कामातला भ्रष्टाचार चव्हाट्यावर कोणी आणला? खुर्शेद फ्रामजी नरिमन, पारशी वकील, काँग्रेसचे पुढारी. हार्वे नावाच्या इंजिनियरने त्यांच्यावर बदनामीचा फौजदारी खटला भरला. तो त्यांनी लढवला आणि १९२८ मध्ये निर्दोष सुटले. १९३५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. ज्या माणसाने समुद्र बुजवण्यातली लूट उघडी पाडली, त्याचं नाव आपण बुजवलेल्या समुद्रालाच दिलं.

चर्चगेट_स्लो
तीस वर्षं रोज तिथे गेलो. नरिमन म्हणजे कोणीतरी बिल्डर असणार असं समजत होतो. खरंच सांगतो.

टोमणे_विभाग
@चर्चगेट_स्लो, तुमच्या बाजूने एकच सांगता येईल, की त्या भागात ते समजणं फारसं चुकीचं नव्हतं.

वाशीची_पोर
मला एक कळत नाही. सगळे जण या इमारतीबद्दल गहिवरून लिहिताहेत. मुळात ती तिथे व्हायलाच नको होती!

१९६४-६५ मध्ये चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रविणा मेहता या वास्तुविशारद-इंजिनियर मंडळींनी सांगितलं होतं की बेटाच्या दक्षिण टोकाला आणखी ऑफिसं कोंबू नका. सकाळी सगळे लोंढे एकाच दिशेला आणि संध्याकाळी उलटे, ही गाडी फार दिवस ओढता येणार नाही. खाडीच्या पलीकडे नवं शहर वसवा, सरकारी कचेऱ्या तिकडे न्या, म्हणजे लोक आपोआप येतील. सरकारने ऐकलं, १९७० मध्ये ते शहर वसवायला सिडको काढलं. आणि त्याच वर्षांत त्याच सरकारने नरिमन पॉइंटचे प्लॉट वाटले. एका हाताने नवी मुंबई, दुसऱ्या हाताने समुद्रात टॉवर. मंत्रालय काही खाडी ओलांडून आलं नाही. आमच्याकडे बेलापूरला कोकण भवन आलं, तेवढंच.

आणि पन्नास वर्षांनी सरकार जागा कमी पडते म्हणून काय करतं? परत नरिमन पॉइंटलाच २३ मजले विकत घेतं.

लेखापाल
@वाशीची_पोर, मुद्दा पटतो. एक भर घालतो. ते प्लॉट लिलाव न करता दिले म्हणून सत्तरच्या दशकातच खासदार पिलू मोदी आणि इतर मंडळी उच्च न्यायालयात गेली होती. तेव्हाही लोक गप्प नव्हते.

पण सरकारच्या बाजूनेही थोडं. जून २०१२ मध्ये मंत्रालयाला आग लागली, मजलेच्या मजले जळाले, तेव्हापासून खाती इकडेतिकडे भाड्याच्या जागेत विखुरलीत. मंत्रालयातून मादाम कामा रोडने दहा मिनिटं चालत गेलं की ही इमारत. फायली डोक्यावरून नेता येतील.

वाशीची_पोर
फायली डोक्यावरून जातातच आमच्या, त्यासाठी इमारत कशाला?

सुधाकाकू
तुमचं भांडण चालू द्या, मी जरा आतलं लिहिते. आमचे हे तिथे अकाउंट्सला होते, १९७६ पासून. मी स्वतः गेले असेन चार-पाच वेळा. मला आठवतो तो थंडावा. बाहेर मे महिना आणि आत पाऊल टाकलं की अंगावर शहारा. घरी पंखासुद्धा एकच होता आमच्याकडे, तोही करकर वाजायचा.

नातेवाइकांत मात्र आमचा भाव वधारला तो कॅलेंडरमुळे! एअर इंडियाचं कॅलेंडर मिळावं म्हणून डिसेंबरमध्ये लांबलांबचे चुलते आठवणीने चौकशी करायचे. ह्यांना मिळायची दोन, मागणारे वीस. एका वर्षी मी आमच्या वन्संना दिलं आणि जाऊबाईंना नाही. ते अजून निघतं.

आणि भिंतींवर चित्रं! नुसती शोभेची नव्हेत. कंपनी पन्नासच्या दशकापासून चित्रं विकत घेत होती, हुसेन, रझा, गायतोंडे, सगळे. बी. प्रभांची चित्रं तर अगदी सुरुवातीच्या खरेदीतली. तेव्हा या मंडळींना कोण ओळखत होतं? ह्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर एक मोठं चित्र होतं, पिवळसर, त्यात मला काहीच कळत नसे. हे म्हणायचे, "मलाही कळत नाही, पण बॅलन्स शीट जुळेना की मी त्याच्याकडे बघतो." कोणाचं होतं ते आम्ही कधी विचारलंच नाही.

गिरगावची_गल्ली
काकू!!! पिवळसर आणि काहीच न कळणारं म्हणजे गायतोंडेच असायचे! आमच्या गिरगावातले हो ते. आज त्या एका चित्रात अर्धी चाळ विकत येईल.

सुधाकाकू
अगं बाई. हे त्याच्याखाली डबा खायचे.

अनुस्वार
ती सगळी चित्रं आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे दिली आहेत, २०२३ मध्ये. चार हजारांवर वस्तू होत्या म्हणतात. त्यातच दालीचे ॲशट्रे. साल्वादोर दालीने १९६७ मध्ये एअर इंडियासाठी ॲशट्रे करून दिला, खास प्रवाशांना भेट द्यायला. मोबदला म्हणून पैसे मागितले नाहीत, हत्तीचं पिल्लू मागितलं. आणि कंपनीने खरंच बेंगळुरूहून विमानाने पाठवलं!

टोमणे_विभाग
आणि आम्ही दोन किलो जास्त लोणचं घेतलं तर काउंटरवर बॅग उघडायला लावतात.

हडसनकाठी
न्यू जर्सीहून बोलतोय. इमारतीच्या आराखड्याचं श्रेय जॉन बर्गी यांना दिलं जातं, न्यूयॉर्कचे वास्तुविशारद. फिलिप जॉन्सन यांचे ते भागीदार. मॅनहॅटनमधली एटीअँडटीची ती डोक्यावर जुन्या कपाटासारखी कमान असलेली इमारत या जोडीची, १९८४ ची. तिकडे चालत जाताना मला दर वेळी नरिमन पॉइंट आठवतो आणि बरोबरचे अमेरिकन मित्र वेड्यात काढतात.

याहून मजेशीर म्हणजे एअर इंडियापासून चालत जाण्याच्या अंतरावर एनसीपीए या कलाकेंद्राचं टाटा थिएटर आहे ना, ते फिलिप जॉन्सन यांचंच, १९८० चं. आणि एनसीपीए जेआरडी टाटा आणि जमशेद भाभा यांनी उभं केलेलं. म्हणजे एका टोकाला नाटक, दुसऱ्या टोकाला विमान, न्यूयॉर्कचं एकच ऑफिस आणि मुंबईचे एकच जेआरडी.

वाशीची_पोर
आर्किटेक्ट न्यूयॉर्कचा असो की नेरळचा, दिसायला ठोकळाच आहे. सेंटॉर काढला तर ती कुठल्याही बँकेची इमारत वाटेल.

निवृत्त_नकाशेकार
असहमत. शेजारचे एक्स्प्रेस टॉवर्स आणि ही, दोन्ही अशा काळातल्या, की काचेचा अंगरखा घालायची फॅशन आली नव्हती. जे काँक्रीट आहे ते काँक्रीटच दिसायचं. मला तो प्रामाणिकपणा आवडतो. गिरगाव चौपाटीवरून संध्याकाळी बघा, सगळी मरीन ड्राइव्ह पाच-सहा मजल्यांच्या चालीने गोल येते आणि टोकाला एकदम हे उंच उभे राहतात. आम्हाला १९७४ मध्ये ते बघताना काय वाटलं ते आता सांगून कळायचं नाही. तीन वर्षांपूर्वीच जम्बो विमान आलं होतं. आता एवढी उंच कचेरी. आपण कुठेतरी पोचलो असं वाटायचं.

हडसनकाठी
नकाशेकार काका, जम्बो म्हणालात म्हणून. ते पहिलं जम्बो, 'सम्राट अशोक', १ जानेवारी १९७८ ला वांद्र्याच्या समुद्रात पडलं. २१३ माणसं होती. माझे मामा तेव्हा एअर इंडियात होते. नवीन वर्षाचा दिवस, रात्री फोन आला, कपडे चढवून गेले ते दोन दिवसांनी परत आले. महिनाभरातच जेआरडींना अध्यक्षपदावरून काढलं. मामा म्हणायचे, त्या दोन महिन्यांनंतर लिफ्टमधलं बोलणं बदललं.

चर्चगेट_स्लो
बराच वेळ लिहू की नको चाललं होतं. लिहितोच.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. मी मागच्या रस्त्यावरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर स्टेनो होतो. दीडच्या सुमाराला शेअर बाजारात स्फोट झाला हे आम्हाला फोनवरून कळलं होतं. साहेब म्हणाले, गॅसचा सिलिंडर असेल. मी पत्र टाइप करत होतो. अडीच वाजून गेले असतील, आणि आवाज झाला. आवाज म्हणजे... कानांनी नाही ऐकला, छातीने ऐकला. खिडकीची काच टाइपरायटरवर आली. मला काही लागलं नाही. शेजारच्या टेबलावरची बाई हातातला पेन घट्ट धरून तशीच बसली होती.

खाली आलो तेव्हा एअर इंडियाच्या बाजूला धूर. गाडीत ठेवलेला बॉम्ब, इमारतीच्या पायथ्याशीच. तिथे २० माणसं गेली. दिवसभरात शहरात २५७. हे आकडे नंतर कळले. तेव्हा फक्त काचा. रस्ताभर काचा आणि त्यावरून चालणाऱ्या शेकडो माणसांच्या पायांचा करकर आवाज, कोणी बोलत नव्हतं. चर्चगेटपर्यंत चालत गेलो. रात्री डोंबिवलीला घरी बूट काढले तर तळव्यात काचेचे कण रुतलेले, आईने चिमट्याने काढले.

सोमवारी गेलो कामावर. सगळेच आले होते. खिडक्यांना पुठ्ठे लावले होते. ते अपुरं राहिलेलं पत्र मी परत पहिल्यापासून टाइप केलं.

ओहोटी
चर्चगेट_स्लो, लिहिलंत त्याबद्दल आभार. काय म्हणू कळत नाही.

सुधाकाकू
हे त्या दिवशी रजेवर होते. दाढ दुखत होती म्हणून. आमच्या घरात त्या दाढेला अजून नमस्कार करतात. ह्यांच्या खात्यातले सगळे वाचले, पण बाहेर पार्किंगला गाड्या पुसणारा एक मुलगा होता, रोज सलाम करायचा, तो परत कधी दिसला नाही. गावी गेला असेल, असं हे म्हणायचे.

खारा_वारा
...

दापोलीचा_दर्या
विषय थोडा बदलतो.

आमच्याकडच्यांसाठी ती इमारत म्हणजे आखात. सत्तरच्या अखेरीला आमच्या गावातून माणसं दुबई, मस्कत, कुवेतला जाऊ लागली. खाली बुकिंग ऑफिस होतं. माझे वडील चुलत्यांबरोबर तिकिटासाठी गेले होते. एसटीने रात्रभर प्रवास करून मुंबई सेंट्रलला उतरले, तिथेच हातपाय धुतले आणि थेट तिथे. चुलत्यांनी नवा शर्ट पिशवीत घडी करून आणला होता. आत शिरायच्या आधी समुद्राच्या कठड्याआड उभं राहून बदलला. म्हणाले, अशा ठिकाणी घामट शर्टाने कसं जायचं? काउंटरवरच्या बाई मराठीत बोलल्या तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. त्या तिकिटावर आमच्या गावातलं पहिलं स्लॅबचं घर उभं राहिलं, तर मी त्या इमारतीला ठोकळा म्हणू देणार नाही वाशीच्या पोरीला. (ह. घ्या.)

वाशीची_पोर
@दापोलीचा_दर्या, हलकेच घेतलं. ठोकळा मागे घेते. जागा चुकली हे मागे घेत नाही. तुमचे चुलते रात्रभर एसटीने आले ना? तेच तर म्हणतेय, सगळं त्या एकाच टोकाला कशासाठी?

पेणकर
हा मुद्दा मात्र जबरी आहे.

सँडविच_टोस्ट
कोणी खाण्याबद्दल बोललंच नाही! मागच्या गल्लीतला सँडविचवाला आठवतो का? चटणी अशी की दुपारचं ऑडिट हवेत जायचं.

चर्चगेट_स्लो
कुठला? झाडाखालचा की बँकेच्या फाटकापाशी बसायचा तो?

सँडविच_टोस्ट
झाडाखालचा. फाटकापाशीचा बटर कमी लावायचा.

लेखापाल
फाटकापाशीचा बटर कमी लावायचा हे साफ खोटं आहे. मी अकरा वर्षं खाल्लंय.

गिरगावची_गल्ली
दोनशे नव्व्याण्णव कोटींवर एवढे शांत होते लेखापाल, बटरवर बघा कसे पेटले.

लेखापाल
२९८.

निवृत्त_नकाशेकार
हाहा. माझ्या वेळी तिथे सँडविचही नव्हतं. साइटवर एक भैया उकडलेले चणे आणायचा, बस्स.

बरं, ओहोटी ताईंचा मूळ प्रश्न राहूनच गेला. माझं मत सांगतो. बँका आणि मोठ्या कंपन्या एकेक करून बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) गेल्या, मागच्या पंधरा-वीस वर्षांत नरिमन पॉइंटचा तोरा उतरला. एके काळी जगातल्या महागड्या ऑफिसांत तिथलं भाडं मोजायचे. उतरत्या काळात या इमारतीला सरकार मिळालं हे तिचं नशीब, नाहीतर कोणीतरी पाडून साठ मजली काढली असती आणि आम्ही पायलिंग करून ठेवलेल्या खडकाला परत भोकं पाडली असती. मी तरी तिला एअर इंडियाच म्हणणार. सरकारने सेंटॉर मात्र सांभाळावा, एवढी मागणी.

टोमणे_विभाग
सेंटॉर सरकारला शोभेल. अर्धा माणूस, अर्धा घोडा, बाण कायम ताणलेला, सुटत कधीच नाही.

हडसनकाठी
@टोमणे_विभाग, तुम्हाला २१ तोफांची सलामी.

खारा_वारा
नावच बदलायचं असेल तर माझी सूचना आहे. परिसराला नरिमन यांचं नाव आहेच, पण त्यांनी काय केलं होतं ते तिथे कोणाला माहीत नाही (वर पुरावा दिलाच आहे चर्चगेट_स्लो यांनी). निदान इमारतीच्या दारात १९२८ च्या त्या खटल्याची चार ओळींची पाटी लावा. सरकारी कचेरीच्या दारात भ्रष्टाचाराविरुद्ध लढलेल्या माणसाची पाटी.

टोमणे_विभाग
प्रस्ताव संबंधित विभागाकडे अभिप्रायार्थ पाठवला आहे.

दापोलीचा_दर्या
वडिलांना फोन करून विचारलं, काय म्हणायचं त्या बिल्डिंगला? म्हणाले, "महाराजाची बिल्डिंग." एअर इंडियाच्या जाहिरातीतला तो पगडीवाला महाराजा. मुंबईत कोणी असं म्हणतं का?

सुधाकाकू
म्हणायचे की. आमच्या सासूबाई म्हणायच्या. "महाराजाकडे जाताय ना, मग इस्त्रीचा सदरा घाला."

ओहोटी
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं निघेल असं वाटलं नव्हतं. आज मुद्दाम परत गेले होते. मेट्रोने. विधान भवन स्टेशनला उतरून रस्ता चुकले, तर बाहेरच्या पोलिसाला विचारलं, "ती सरकारने घेतलेली इमारत कुठे?" तो म्हणाला, "ताई, इथं सगळ्याच सरकारनं घेतलेल्या आहेत. तुम्हाला एअर इंडिया पाहिजे का?"

चर्चगेट_स्लो
मेट्रोने? मग शेअर टॅक्सीवाल्याचं काय? सध्या सीटचे किती घेतो?